यूएसबी-सिरियल सारखं तुटतंय? लाल ओळ सोडा, तिच्या वरची ओळ वाचा

तक्रार साधारण एकाच साच्याची असते. लिनक्स मशीनला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर (मीटर, बोर्ड अशा उपकरणांची सिरियल वायर यूएसबीला जोडणारा तुकडा) लावला, प्रोग्राम चालू केला, काही तास सगळं सुरळीत. मग डेटा यायचा बंद होतो. वायर काढून परत घातली की चालू, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडला की टीटीवाययूएसबी० च्या (लिनक्सने कन्व्हर्टरच्या पोर्टला दिलेल्या) नावाने एखादी भीतिदायक ओळ दिसते: ‘यूआरबी स्टॉप्ड: -३२’ (यूआरबी म्हणजे ड्रायव्हरने यूएसबीवर पाठवलेली एक मागणी), नाहीतर ‘फेल्ड सेट रिक्वेस्ट ०एक्स१२ स्टेटस: -११०’. ती ओळ उचलून लोक गुगलमध्ये टाकतात, कुणाचा तरी आठ वर्षांपूर्वीचा उपाय सापडतो, आणि मग कर्नल जुना करणं, ड्रायव्हर काढून परत बसवणं, विक्रेत्याच्या साइटवरून सोर्स आणून कंपाइल करणं असे उद्योग सुरू होतात.

कन्व्हर्टरमधल्या वेगवेगळ्या चिपांसाठी लिनक्समध्ये असलेले एफटीडीआय, सीपी२१०एक्स, सीएच३४१ आणि पीएल२३०३ हे चारही ड्रायव्हर वर्षानुवर्षं वापरात आहेत. जगभर रोज लाखो बोर्ड त्यांच्यावर चालतात. तुमच्याच टेबलावर त्यांच्यातला बग उगवला असण्याची शक्यता कमी. खाली यूएसबीच्या पातळीवर आधीच काहीतरी तुटलेलं असतं आणि ड्रायव्हर फक्त ‘मला उत्तर मिळालं नाही’ असं ओरडतो. त्याची ओळ ही परिणाम असते. कारण तिच्या वर, कधी दोन ओळींवर तर कधी अर्ध्या सेकंदावर, वेगळ्याच नावाने नोंदलेलं असतं.

लॉग आधी पूर्ण मिळवा

ग्रेप (ठरावीक शब्द असलेल्याच ओळी दाखवणारी कमांड) लावून फक्त टीटीवाययूएसबीच्या ओळी काढू नका. नेमकी कामाची ओळ ‘यूएसबी १-१.३’ किंवा ‘हब’ अशा नावाने येते आणि ग्रेप तीच गाळून टाकतो. एका टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) फॉलो पर्यायाने चालू ठेवा आणि दोष येईपर्यंत तसाच राहू द्या. उबुंटूमध्ये २०.१० पासून डीमेसेजला सुडो (प्रशासकाचे अधिकार) लागतो, त्यामुळे ‘परवानगी नाही’ आलं तर घाबरायचं कारण नाही. मशीन रीबूट झालं असेल तर जर्नलसीटीएलला (जर्नलमध्ये साठवलेल्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडला) कर्नलच्या नोंदी आणि मागचं बूट मागा. डिस्कवर जर्नल साठवायची सोय चालू असेल तर सगळं मिळतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ती बरेचदा बंद असते, तेवढी आधी बघून घ्या.

वेळ माणसाला कळेल अशा रूपात दाखवणारा डीमेसेजचा मोठ्या टीचा पर्याय सोयीचा आहे, पण लॅपटॉप मध्ये झोपून उठला असेल तर त्याने दाखवलेली वेळ चुकते. कारखान्यातल्या घटनांशी वेळा जुळवायच्या असतील तर जर्नलवर विसंबा.

लॉगमधल्या दोन गोष्टी पहिल्यांदा टिपून ठेवा. ‘१-१.३’ हा पत्ता आहे: पहिली बस, तिच्या मूळ हबचं पहिलं पोर्ट, आणि तिथे लागलेल्या हबचं तिसरं पोर्ट. दुसरी गोष्ट म्हणजे ‘न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर’ या ओळीतला नंबर. तो त्या बसवर प्रत्येक वेळी नव्याने जोडणी झाली की वाढतो आणि १२७ नंतर पुन्हा खालून सुरू होतो. सकाळी ५ होता आणि संध्याकाळी ९० दिसला, तर मधल्या काळात तुमचा कन्व्हर्टर किती वेळा पडून उठला याचा अंदाज प्रोग्रामने न सांगताही मिळतो. मला स्वतःला लॉगमधला हा सर्वात प्रामाणिक आकडा वाटतो. प्रोग्राममध्ये परत जोडणी करायची सोय असेल तर वापरणाऱ्याला काही कळतही नाही, पण नंबर चढत राहतो.

उणे आकड्यांचा अर्थ

-१९ म्हणजे डिव्हाइसच नाही. वायर निघाली किंवा डिव्हाइस बसवरून उतरलं, आणि त्यानंतर ड्रायव्हरने त्याला काही विचारलं. सीपी२१०एक्समध्ये ०एक्स१२ ही विनंती बफर रिकामा करण्याची आहे आणि ती पोर्ट बंद करताना जाते. त्यामुळे वायर ओढल्यावर ‘०एक्स१२ स्टेटस: -१९’ आलं तर ती शोकसभेची नोंद समजा, मृत्यूचं कारण नव्हे. तीच विनंती -११० घेऊन आली तर मामला वेगळा. -११० म्हणजे वेळ संपली. डिव्हाइस बसवर आहे, पण उत्तर देत नाही. चिप अडकली आहे किंवा तिला पुरेशी वीज मिळत नाही.

-३२ म्हणजे समोरच्याने विनंती नाकारली, यूएसबीच्या भाषेत स्टॉल. वाचनाच्या कॉलबॅकमध्ये ‘यूआरबी स्टॉप्ड: -३२’ आलं की त्या पोर्टवरचं वाचन तिथेच थांबतं. प्रोग्रामला पोर्ट उघडाच दिसतो, चूक काही येत नाही, फक्त बाइट येत नाहीत. ‘हँग झालंय पण एरर नाही’ या तक्रारींचा उगम बरेचदा इथे असतो. वायर काढतानाही ही ओळ येते. म्हणून पुढच्या क्षणी ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आहे का ते बघायचं. असेल तर -३२ ला महत्त्व नाही.

खरा कामाचा आकडा -७१. हा प्रोटोकॉलचा दोष: उत्तर वेळेत आलंच नाही, किंवा आलं ते बिट पातळीवर बिघडलेलं होतं. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ आणि त्यामागोमाग ‘नॉट अॅक्सेप्टिंग अॅड्रेस’ अशी जोडी दिसली तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवा. केबल, कनेक्टर, वीज आणि आसपासचा विद्युत गोंगाट, एवढ्यातच उत्तर आहे. -८४ म्हणजे सीआरसी (डेटा वाटेत बिघडला का ते तपासणारा आकडा) जुळला नाही, तोही याच गोतावळ्यातला.

वायर, वीज आणि कॉन्टॅक्टर

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये वीजमीटर वाचण्यासाठी रास्पबेरी पाय बसवला होता. आरएस-४८५ (लांब जाणारी सिरियल जोडणी) वर मॉडबस (मीटरशी बोलायची भाषा), मध्ये सीएच३४० चिपचा, म्हणजे सीएच३४१ ड्रायव्हरवर चालणारा, स्वस्तातला कन्व्हर्टर. दिवसातून अनेकदा वाचन बंद पडायचं, रविवारी मात्र कधीच नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं म्हणणं ड्रायव्हर खराब आहे, मीटर बसवणाऱ्याचं म्हणणं प्रोग्राम खराब आहे. पूर्ण लॉगमध्ये ड्रायव्हरच्या ओळीच्या जरा वर ‘पोर्ट डिसेबल्ड बाय हब’ असं होतं आणि त्यातच कर्नलने स्वतः विचारलं होतं: ‘ईएमआय?’, प्रश्नचिन्हासकट. ईएमआय म्हणजे विद्युतचुंबकीय अडथळा, हप्ता नव्हे. विजेच्या झटक्याने गोंधळून हबने ते पोर्ट बंद केलं आणि कर्नल ते परत चालू करायला बघतोय, असा त्याचा अर्थ. इतकी स्पष्ट सूचना कर्नल क्वचितच देतो, आणि लोक ती वाचतच नाहीत.

वेळा जुळवल्या तर कॉम्प्रेसर बंद होण्याशी गाठ पडली. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल सुटताना उसळलेला झटका पॅनेलमधून यूएसबी केबलवर चढत होता. केबल मोटरच्या वायरींसोबत एकाच ट्रेमधून नेलेली होती आणि आरएस-४८५ च्या ए आणि बी या दोनच वायरी ओढल्या होत्या. ग्राउंडची तिसरी वायर ‘गरज नाही’ म्हणून सोडून दिलेली. हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास दिसतो की त्यावर थोडं थांबायला हवं. आरएस-४८५ ला दोन वायरींमधला फरक वाचायचा असतो हे खरं, पण वाचणाऱ्या टोकाच्या ग्राउंडच्या मानाने त्या वायरींवरचा व्होल्टेज उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या मर्यादेत राहायला लागतो. ग्राउंड जोडलेलं नसेल तर त्या मर्यादेची हमी कुणीच देत नाही. वर कन्व्हर्टर आयसोलेटेड (दोन बाजूंत विजेचा थेट संबंध नसलेला) नसेल तर तिकडचा सगळा गोंधळ थेट पायच्या ग्राउंडवर येतो आणि यूएसबी मधल्यामध्ये मरते.

तिथे कॉइलवर आरसी स्नबर (झटका जिरवणारा भाग) लावला, यूएसबी केबल आखूड करून ट्रेबाहेर काढली, केबलवर फेराइट (गोंगाट अडवणारा चुंबकीय मणी) बसवला आणि कन्व्हर्टर आयसोलेटेड घेतला. चारही उपाय एकदम केल्यामुळे नेमका कोणता लागू पडला ते सांगता येत नाही, आणि कारखाना चालू ठेवायचा असेल तर त्याची फिकीरही करू नये. पण घरी बसून शोधायला वेळ असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी केबल, मग पोर्ट, मग कन्व्हर्टर. दोष पोर्टाच्या पत्त्यासोबत राहतो, केबलमागे जातो की कन्व्हर्टरमागे, एवढं कळलं की अर्धं काम झालं. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा ५ मीटर. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलेली केबल ‘चालते’ म्हणजे फक्त आजपर्यंत चालली. लांब जायचं असेल तर आरएस-४८५ लांब न्या, यूएसबी नाही. ४८५ त्याच कामासाठी आहे. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावा, म्हणजे ती बिनतक्रार जाईल.

विजेचं म्हणाल तर पायच्या लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ ही ओळ शोधा. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ती येते. मोबाइलच्या चार्जरवर आणि बारीक वायरच्या केबलवर पाय चालवला की यूएसबीला काही जोडलेलं नसेपर्यंत सगळं ठीक वाटतं. जीएसएम मोडेम किंवा एखादं रीले बोर्ड लागलं की कोसळतं. ‘ओव्हर-करंट’ लिहिलेली ओळ त्याहून सरळ आहे: जोडलेलं काहीतरी जास्त प्रवाह ओढतंय, त्याला स्वतःच्या विजेचा हब द्या. जुन्या पाय ३ बी वर आणखी एक खूण मिळते. तिथे वायरचं नेटवर्क आणि यूएसबीची चारही पोर्टं एकाच चिपमागे आहेत. सिरियलसोबत वायरचं नेटवर्कही त्याच क्षणी पडत असेल तर कन्व्हर्टरला दोष देऊ नका. वरची चिपच पडते आहे, आणि ती बहुतेक वेळा विजेमुळेच पडते.

पोर्ट दुसराच कुणी पळवतो तेव्हा

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हा. उबुंटू २२.०४ आल्यावर आर्डुइनो नॅनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाच्या क्लोनवाल्यांच्या वाट्याला तो भरभरून आला. बोर्ड लावला की टीटीवाययूएसबी० एका क्षणासाठी तयार होतो आणि लगेच नाहीसा होतो. डेव्ह फोल्डरमध्ये बघायला जावं तर काहीच नाही. विद्यार्थी बोर्ड परत करून येतात, दुसरा आणतात, तोही तसाच.

लॉगमध्ये मात्र चोर नावानिशी लिहिलेला असतो: ‘इंटरफेस ० क्लेम्ड बाय सीएच३४१ व्हाइल बीआरएलटीटीवाय सेट्स कॉन्फिग #१’. बीआरएलटीटीवाय ही दृष्टिहीन व्यक्तींच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असलेली सेवा. काही ब्रेल यंत्रांच्या आत हीच सीएच३४० चिप, हाच १ए८६:७५२३ ओळखक्रमांक आहे. यूडेवच्या (नवं उपकरण ओळखून त्याची व्यवस्था लावणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमाने तुमच्या नॅनोला ब्रेल यंत्र समजून सेवेच्या हवाली केलं, सेवेने ड्रायव्हरला हाकललं. कुणाचाच हेतू वाईट नाही. ब्रेल यंत्राने स्वतःचा वेगळा ओळखक्रमांक न घेता चिपचाच वापरल्याचा हा परिणाम.

सर्वत्र सापडणारा सल्ला म्हणजे ते पॅकेजच काढून टाका. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल काढा. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या मशीनवर मात्र काढू नका, तिथे उद्या कुणाला तरी ते लागेल. यूएसआर-लिबखालच्या यूडेव नियमांतली ८५-बीआरएलटीटीवाय ही फाइल त्याच नावाने ईटीसीखालच्या यूडेव रूल्स.डी मध्ये उतरवा, तिच्यात १ए८६/७५२३ (मध्ये तिरकी रेघ) असलेली नियमाची ओळ शोधून तिच्या सुरुवातीला # टाका. ईटीसीमधली फाइल मूळ फाइलला झाकते आणि पुढच्या अपडेटमध्ये पुसली जात नाही. मग यूडेवएडीएमने नियम परत वाचायला लावा आणि बोर्ड काढून घाला.

याच जातीचा पण कमी उपद्रवी प्राणी मोडेममॅनेजर. तो पोर्ट काढून घेत नाही, पण मोडेम असेल या आशेने नव्या पोर्टला एटी कमांड विचारून बघायची त्याची सवय आहे. त्यामुळे कर्नलमध्ये इशारा येत नाही, पण बोर्डला सुरुवातीचे काही सेकंद कचरा मिळतो किंवा प्रोग्रामला ‘पोर्ट व्यस्त’ असं उत्तर येतं. यूडेव नियमात आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर १ केलं की तो गप्प बसतो.

हे दिसलं तर चहा प्या

सीएच३४० च्या काही चिपवर ‘ब्रेक कंट्रोल नॉट सपोर्टेड, यूजिंग सिम्युलेटेड ब्रेक’ येतं. चिपला एक सुविधा नाही, ड्रायव्हरने ती दुसऱ्या मार्गाने भागवली, एवढंच. ‘धिस डिव्हाइस कॅनॉट डू कॉल्स ऑन इट्स ओन. इट इज नॉट अ मोडेम’ हे आर्डुइनो ऊनो लावल्यावर जुन्या कर्नलमध्ये यायचं. ऊनो मोडेम नाही हे आपल्यालाही माहीत आहे.

नकली चिपचा विषय थोडा नाजूक. बाजारात एफटीडीआय आणि प्रोलिफिकच्या नक्कल चिपा भरपूर आहेत आणि विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या विंडोज ड्रायव्हरने अशा चिपांचा प्रॉडक्ट क्रमांक शून्य करून टाकला होता. लिनक्समध्ये मग ०४०३:०००० हा क्रमांकही ओळखण्याची सोय केली गेली, त्यामुळे विंडोजवर मेलेला कन्व्हर्टर लिनक्सवर जिवंत दिसणं शक्य आहे. सीपी२१०२ च्या बाबतीत ‘क्वेरिंग पार्ट नंबर फेल्ड’ ही ओळ सोबत -३२ घेऊन आली की चिप आपलं नाव सांगायला तयार नाही असं समजायचं. साध्या ९६०० किंवा १,१५,२०० वेगावर ती निमूट काम करत असेल तर करू द्या. पण ग्राहकाच्या जागी कायमचं बसवायचं असेल तर मी ती बदलून घेईन. नकली चिप टेबलावर चालते, पॅनेलमध्ये उन्हाळ्यात नखरे करते.

परत आला, पण नाव बदलून

तुटून परत जोडलेला कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी१ म्हणून येतो आणि प्रोग्राम टीटीवाययूएसबी० ची वाट बघत बसतो. कारण असं की प्रोग्रामने जुनं पोर्ट अजून बंद केलेलं नसतं, त्यामुळे ० हा आकडा अडकलेला असतो. वाचताना चूक आली की पोर्ट आधी बंद करणं हे प्रोग्रामचं कर्तव्य आहे. आणि पत्ता म्हणून टीटीवाययूएसबी० लिहूच नये. डेव्हखालच्या सिरियल फोल्डरमध्ये बाय-आयडी आणि बाय-पाथ अशी दोन प्रकारची नावं तयार मिळतात. एफटीडीआयच्या चिपला स्वतःचा अनुक्रमांक असतो, तिथे बाय-आयडी छान. सीएच३४० ला सहसा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे एकाच मशीनवर तसे दोन कन्व्हर्टर असतील तर बाय-आयडीखाली दोघांचं नाव एकच होतं आणि शेवटी आलेला जिंकतो. तिथे बाय-पाथ वापरा आणि कोणतं पोर्ट कशाचं ते पेटीवर मार्करने लिहून ठेवा.

दूरच्या जागी जाऊन वायर काढणं शक्य नसेल तर सिसएफएसमध्ये (उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिस फोल्डरमध्ये) त्या डिव्हाइसच्या ‘ऑथराइज्ड’ फाइलमध्ये ० लिहून मग १ लिहा. ड्रायव्हर सुटून परत जोडला जातो. वीज मात्र तुटत नाही. चिप पार गोठली असेल तर याने उठणार नाही, त्यासाठी पोर्टनिहाय वीज तोडू शकणारा हब लागतो.

‘कट हिअर’ आलं तर

आतापर्यंतचे सगळे इशारे एकेका ओळीचे होते. त्याऐवजी ‘कट हिअर’ लिहिलेली तुटक रेघ, खाली ‘वॉर्निंग: सीपीयू’ आणि फंक्शनच्या नावांची लांब शिडी दिसली तर मात्र बोट सॉफ्टवेअरकडेच वळतं. ‘बोगस यूआरबी एक्सफर’ म्हणजे ड्रायव्हर ज्या प्रकारचं एंडपॉइंट (उपकरणातलं डेटा देण्या-घेण्याचं टोक) समजून पाठवतोय त्या प्रकारचं ते नाहीच. ‘बोगस कंट्रोल डिर’ म्हणजे विनंती वाचनाची आणि पाइप (ती जाण्याचा मार्ग) लेखनाचा, किंवा उलट. ही दुसरी तपासणी २०२१ मध्ये ५.१४ च्या सुमारास आली. त्यामुळे वर्षानुवर्षं गप्प असलेला ड्रायव्हर कर्नल अपडेटनंतर अचानक ओरडू लागला तर बिघाड नवा असेलच असं नाही, बघणारा नवा आहे.

अशा वेळी शिडीच्या सुरुवातीची ‘टेंटेड’ ची ओळ बघा. तिथे डब्ल्यू अक्षर असेल तर याआधीही एक वॉर्निंग येऊन गेली आहे. वर जा, पहिली शोधा, तीच कामाची. ओ असेल तर कर्नलबाहेरचा एखादा मॉड्यूल लोड आहे. तो विक्रेत्याच्या साइटवरून आणलेला सिरियल ड्रायव्हरच असेल तर तो काढून कर्नलसोबतचा ड्रायव्हर लावा आणि परत बघा. त्याच्यासकट कळवलं तर कर्नलवाले पुढे वाचणार नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. ताज्या स्टेबल कर्नलवरही तेच आलं तर लिनक्स-यूएसबीच्या ईमेल यादीवर पाठवा: पूर्ण लॉग, एलएसयूएसबी (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) चं सविस्तर उत्तर, कर्नलची आवृत्ती, आणि कोणत्या कृतीनंतर येतं ते. पीएल२३०३ चा ड्रायव्हर तर अनोळखी चिप भेटली की ‘अननोन डिव्हाइस टाइप’ म्हणून तिथेच कळवायची विनंती लॉगमध्येच करतो. ती ओळ दिसली तर तेवढा एक ईमेल जरूर करा.